सेफ्टी पुढे केली आणि बार उडाला

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. तीन पानांच्या पत्रात मुद्द्याचं वाक्य तू शेवटून दुसऱ्या ओळीत कोंबलंस: ‘बाकी रायफल झकास आहे, फक्त परवा सेफ्टी पुढे करताना एकदा आपोआप टक् झालं, पण रिकामी होती, आणि नंतर पन्नास वेळा करून पाहिलं तर काही झालं नाही.’ त्याखाली लगेच माझ्या गुडघ्याची चौकशी. गुडघा बरा आहे. बार अडवणारी खिट्टी, म्हणजे सेफ्टी, पुढे करून काढताना चाप न दाबता टक्! ते वाक्य वाचून मी तुला दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस, म्हणून हे लिहितोय. आधी एवढं कर: त्या रायफलचं काम होईपर्यंत तिच्यात काडतूस घालू नकोस. एकसुद्धा नाही. मग पुढचं सावकाश वाच.

तुला एक गोष्ट इतकी वर्षं सांगितली नाही, कारण तिची मला लाज वाटायची. माझी ती जुनी बोल्टची, दांडा मागे-पुढे ओढून काडतूस भरायची रायफल आठवते ना, जिच्या चापाचं सगळे कौतुक करायचे? लोण्यासारखा चाप होता. बोट टेकवलं की सुटायचा. मी ती वापरलेलीच घेतली होती आणि इतका हलका चाप आयता मिळाला म्हणून खूश होतो. एकदा रेंजवर काडतूस भरलं, सेफ्टी मागे ओढून लावली, आणि सवयीने चाप एकदा दाबून पाहिला, सेफ्टी धरते का बघायला. धरली. मग दस्ता खांद्याला लावला, नळी वाळूच्या पिशवीवर टेकवली आणि अंगठ्याने सेफ्टी पुढे ढकलली. बार उडाला. लक्ष्याच्या डावीकडे, मागच्या मातीच्या बांधात धूळ उसळली. नळी बांधाकडे होती एवढंच नशीब.

माझी तर्जनी चापाभोवतीच्या कड्याच्या बाहेर, लाकडावर सरळ होती. त्या लाकडावर एक बारीक चीर होती, ती बोटाच्या पेराला टोचत होती, हे मला आजही आठवतं. रेंजवरचा अधिकारी आला आणि म्हणाला, “बोट आत होतं.” मी म्हणालो नव्हतं. तो म्हणाला, “सगळे असंच म्हणतात.” त्यावरून आमचा चांगलाच खटका उडाला. पण खरी गंमत पुढे आहे. महिनाभरात मलाच वाटायला लागलं की बोट आत असणार. नंतर शंभरदा करून पाहिलं, रायफल एकदाही तशी वागली नाही. तुझे पन्नास, माझे शंभर. मी ती आणखी एक हंगाम वापरली, श्रीधर. हेच मला लाजिरवाणं वाटतं, तो बार नव्हे.

आता आत काय घडतं ते सांगतो, कारण ते कळलं की तुझ्या पन्नास वेळांना काही अर्थ उरत नाही. बोल्ट बंद केला की फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आदळून बार उडवणारी सळई, ताकदवान स्प्रिंगच्या ताणावर मागे अडकून राहते. तिला अडवतो तो सिअर नावाचा लहानसा तुकडा, आणि सिअरच्या खाली टेकू म्हणून असतो चापाचा वरचा कोपरा. दोन पोलादी कडांची एकमेकांवरची ही पकड मिलिमीटरभरही नसते. चाप ओढला की टेकू सरकतो, सिअर खाली पडतो, पिन सुटते; रिकाम्या रायफलीत तुझं ते ‘टक्’ हेच. पुष्कळ रायफलींत सेफ्टी लावली की ती सिअरला किंचित उचलून धरते. त्या वेळी कोणी चाप दाबला तर तो मोकळाच हलतो, काही होत नाही. पण बोट काढल्यावर त्याने आपल्या स्प्रिंगने परत टेकूच्या जागी यायला हवं. जुनं तेल घट्ट झालं असेल, कचरा अडकला असेल, स्क्रू नको तितका फिरवलेला असेल, तर तो येत नाही किंवा अर्धवट येतो. बाहेरून काहीच कळत नाही, कारण सिअर सेफ्टीने तोलून धरलेला असतो. सेफ्टी पुढे केली की सिअर खाली येतो आणि खाली टेकूच नसतो.

म्हणजे ज्या क्षणी बार उडतो त्या क्षणी सेफ्टी बिघडलेली नसते. बिघाड आधीच झालेला असतो, सेफ्टी त्याच्यावर पांघरूण घालून बसलेली असते. आणि मी सेफ्टीची ‘परीक्षा’ म्हणून भरलेल्या रायफलचा चाप दाबला, त्यानेच तो जागेवरून हलला. ही सवय तुलाही आहे, मी पाहिलंय. सोड.

सगळ्या रायफलींची रचना अशी नसते. १८९८ च्या माउझरची पंखासारखी सेफ्टी थेट फायरिंग पिनच्याच मागच्या भागाला धरते, त्यामुळे चापाचं काही झालं तरी पिन हलत नाही. १९३६ मध्ये आलेल्या विंचेस्टर मॉडेल ७० ची तीन ठिकाणी थांबणारी सेफ्टीही पिनलाच अडवते, आणि मधल्या जागी ठेवून बोल्ट उघडता येतो, म्हणजे सेफ्टी न काढता काडतूस बाहेर. सिअर उचलून धरणारी सेफ्टी आणि पिन अडवणारी सेफ्टी यांत हा फरक आहे. तुझी पहिल्या जातीची आहे, माझीही तीच होती.

बोट की यंत्र, हे भांडण माझ्यापुरतं नव्हतं हे मला उशिरा कळलं. अमेरिकेत रेमिंग्टन मॉडेल ७०० वरून ते कित्येक दशकं चाललं. तिच्या जुन्या वॉकर चापात कनेक्टर नावाचा एक सुटा तुकडा होता, बार काढताना तो चापापासून अलग व्हायचा, आणि त्या फटीत कचरा शिरून तो जागेवर परत येत नाही असा टीकाकारांचा आक्षेप. कंपनीचं म्हणणं, रचना निर्दोष आहे, दोष देखभालीचा, फेरफारांचा नाहीतर हाताळणाऱ्याचा. शिवाय १९८२ पर्यंतच्या त्या रायफलींत सेफ्टी लावली की बोल्टही कुलूपबंद व्हायचा, म्हणजे रायफल रिकामी करायला आधी सेफ्टी काढणं भाग. शेवटी झालेल्या तडजोडीला २०१७ मध्ये न्यायालयाने मान्यता दिली, तिच्या कक्षेत सुमारे ७५ लाख बंदुका होत्या, आणि चाप बदलून देण्याची तरतूद होती. त्याआधी २०१४ मध्ये नव्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली परत मागवल्या, त्याचं कारण काय, तर जोडणीत चिकटद्रव्य जास्त लागलं होतं. एवढ्याशा जागेत एक थेंबही पुष्कळ असतो बघ.

माझा निकाल मात्र अर्धा-अर्धा लागला. शेवटी रायफल एका जाणत्या कारागिराकडे नेली. त्याने चापाचा संच सोडवून भिंगाखाली धरला, मग नाकाशी नेला आणि विचारलं, “यात काय ओतता?” दर हंगामाला मी त्यात फवाऱ्याचं तेल मारायचो, भरपूर, प्रेमाने. ते वाळून आत पिवळट लाखेसारखा थर झाला होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. आणि आधीच्या मालकाने चाप हलका करायला स्क्रूवरचं कारखान्याचं सील फोडून पकड पार काठावर आणून ठेवली होती. ते लोणी ते हेच. तेव्हा माझं बोट नव्हतं, पण माझा हात होता.

म्हणून घरच्या घरी चापाचा स्क्रू फिरवायच्या तुझ्या बेताला माझा ठाम नकार आहे. व्हिडिओ पाहून स्क्रू फिरवायचा नाही. स्क्रू हलका केला की चाप छान वाटतो, आणि छान वाटणं हेच इथे फसवं. ३०० मीटरच्या स्टँडर्ड रायफलला आंतरराष्ट्रीय स्पर्धेत चापाचा भार, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, किमान १५०० ग्रॅम लागतो. त्याहून कितीतरी हलके चाप ५० मीटरला चालतात, पण ते त्यासाठीच बनवलेले असतात, शिकारी रायफलचा कान पिळून केलेले नसतात.

कारागिराकडे जाण्याआधी तुला काही पाहायचंच असेल तर काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव, मॅगझिन काढ, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, डोळ्याने बघ आणि करंगळी घालून बघ. मग नळी सुरक्षित दिशेला धरून: सेफ्टी लाव, चाप दाब, सोड, सेफ्टी काढ. पिन पडता कामा नये. बोल्ट जोरात बंद कर, पिन ताणावरच राहिली पाहिजे. बोल्ट बंद करून दस्त्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोक, तेव्हाही. पण नीट ऐक, यात नापास झाली तर ती दोषी, आणि पास झाली तरी निर्दोष नाही. एकदा टक् झालेलं आहे. ते एकदाच पुरे.

विकून टाकू का, असंही विचारलंयस. दुरुस्त करून, झालेलं सांगून विक. मला विकणाऱ्याने काही सांगितलं नव्हतं, आणि त्याला ठाऊक होतं की नाही हे मीही कधी विचारलं नाही.

बोल्ट काढून वेगळा बांध, दस्त्याला ‘चाप नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लाव, म्हणजे घरातलं दुसरं कोणी चुकून उचलणार नाही. कारागीर परवाना असलेलाच बघ. त्याला नुसतं ‘चाप बघा’ म्हणू नकोस. टक् झालं तेव्हा थंडी होती का, आधी चाप दाबला होतास का, शेवटचं तेल कधी आणि कसलं घातलंस, सगळं कागदावर लिहून दे. माझा जुना चाप मी टाकला नाही, टेबलाच्या खणात आहे, तो पिवळा थर अजून एका कोपऱ्यात शिल्लक आहे. आलास की भिंगाखाली दाखवतो.

आणि फोन उचल.

तुझा,
अनंत