टाचेचं पुराण

प्रिय संज्या,

परवा तू म्हणालास की सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसतो आणि चार पावलं लंगडलं की जरा बरं वाटतं, आणि आता इंजेक्शन घ्यायचं म्हणतोयस, तेव्हाच ओळखलं, आला हा पण आमच्या कळपात! मागून वहिनींची हाक आली आणि तू फोन ठेवलास, म्हणून पत्रच लिहितोय.

मी सहा-सात महिने काढलेत यात. दिवसभर वर्गात उभं, घरी टाइल्सवर अनवाणी, झिजून पापड झालेली स्लीपर, वाढलेलं पोट आणि वर अचानक अक्कल सुचली म्हणून रोज पाच किलोमीटर चालायला लागलो, मग काय, धरलंच. आईने वीट तापवून त्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकली, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, सकाळी पुन्हा तेच. पहिल्या डॉक्टरने एक्स-रे बघून हाड वाढलंय, इंजेक्शन घ्या म्हणून सांगितलं. मी घाबरून दुसरीकडे गेलो, ते बरं झालं.

त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे पाऊल काढून दाखवलं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा, पावलाची कमान त्याच्यावर. आपण झेपेल त्यापेक्षा जास्त ताण दिला की तो टाचेपाशी दुखावतो. रात्रभर पाऊल सैल पडलं की आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला खस्सकन ताणला जातो. याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. आणि ते वाढलेलं हाड, ते तर काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत पण दिसतं, म्हणून त्याच्या नावाने लगेच ऑपरेशनचा विचार नको.

आता नीट ऐक. पाय खाली ठेवायच्या आधी, अंथरुणातच, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घे, बोटं हाताने नडगीकडे ओढ, दुसऱ्या हाताने तळवा चाचपून बघ, दोरी ताठ लागली पाहिजे. दहा आकडे मोजून सोड, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला हात टेकून पोटऱ्या पण ताण, त्या आखडल्या की टाचेला ओढ बसते. दुखणं जरा उतरलं की पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा हळूहळू वर-खाली करायच्या, एक दिवसाआड. घरातसुद्धा अनवाणी नाही, मऊ एमसीआरची, म्हणजे स्पंजसारख्या रबराची चप्पल घाल, तुझी लाडकी कोल्हापुरी सध्या माळ्यावर. आणि वजन, त्यावर मी बोलणं म्हणजे, असो.

ते स्टेरॉइडचं इंजेक्शन वाईटच असं नाही, पण आराम बहुतेक थोडे आठवडेच टिकतो आणि कधीकधी तो पट्टा तुटायची भीती असते, म्हणून आधी हे तीन महिने तरी करून बघ. दहातले नऊ जण ऑपरेशनशिवाय बरे होतात, फक्त वेळ लागतो, कधी वर्षसुद्धा, मला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत काडीचा फरक नव्हता आणि मी चिडून दोन आठवडे सगळं सोडलं पण होतं. मात्र मुंग्या, बधिरपणा, सूज, ताप किंवा रात्री झोपेत ठणका असेल तर घरी व्यायाम करत बसू नकोस, सरळ दाखव.

आणि हो, संध्याकाळी पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली दहा मिनिटं फिरव, पातळ मोजा घालून. फक्त त्या बाटलीवर खूण कर, आमच्याकडे ती वितळवून एकदा पाहुण्यांना पाजली गेली होती.

इंजेक्शन पुढे ढकललंस का ते कळव.

तुझाच,
पक्या