‘बा’चे अनेक अर्थ आणि ध्वनिसाम्याचा मोह

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दोन भाषांतले शब्द कानाला सारखे लागले की एक भाषा दुसरीपासून निघाली, असे ठामपणे सांगणारा मजकूर हल्ली मोबाइलवर सर्रास फिरतो आणि अधूनमधून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतही छापला जातो. तो भाषेच्या प्रेमापोटीच लिहिला जातो हे मान्य करूनही, त्यातून वाचकांची दिशाभूल होते असे माझे स्पष्ट मत आहे. ‘बा’ या एकाक्षरी शब्दाचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

मराठीत ‘बा’ म्हणजे बाप. ग्रामीण बोलीत वडिलांना तशी हाक मारतात, संतांनी तीच साद देवाला घातली, आणि आजोबा, तुकोबा, विठोबा, खंडोबा या शब्दांच्या शेवटी ‘बा’ आला की आदराबरोबर जिव्हाळाही येतो. मराठीची सख्खी बहीण असलेल्या गुजरातीत मात्र ‘बा’ म्हणजे आई. कस्तुरबा गांधींना सारे जण ‘बा’ म्हणत ते याच अर्थाने. आमच्या सोलापूर-अक्कलकोट भागात, जिथे मराठी आणि कन्नड एकाच गल्लीत नांदतात, तिथे कन्नड ‘बा’ म्हणजे ‘ये’. लहानांना किंवा बरोबरीच्या माणसाला ‘बा’ म्हणायचे आणि वडीलधाऱ्यांना ‘बर्रि’. चिनी भाषेत उंच, सपाट सुरातला ‘बा’ म्हणजे आठ आणि खाली उतरणाऱ्या सुरातला ‘बा’ म्हणजे बाप. व्हिएतनामीत सपाट सुरात तीन, उतरत्या सुरात आजी. जपानीत जागा.

चिनी आणि मराठी या दोन्ही भाषांत ‘बा’चा अर्थ बाप आहे म्हणून त्यांचे नाते जोडण्याचा मोह होईल, परंतु रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने अशा साम्याचे कारण फार पूर्वीच स्पष्ट केले आहे. ओठ मिटून उघडताना होणारे ‘बा’, ‘पा’, ‘मा’ हे उच्चार तान्ह्या मुलाला सर्वांत आधी साधतात, आणि जवळची मोठी माणसे ते स्वतःला उद्देशून घेतात. कोणता उच्चार कोणाच्या वाट्याला येईल हे मात्र ठरलेले नसते. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई, हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

कन्नड ‘बा’चा इतिहास तर सर्वस्वी वेगळा आहे. तमिळमध्ये ‘ये’ला ‘वा’ म्हणतात, आणि शब्दाच्या आरंभीच्या जुन्या द्राविडी ‘व’चा कन्नडमध्ये ‘ब’ झाला. तमिळ ‘वेळ्ळि’ म्हणजे चांदी, ती कन्नडमध्ये ‘बेळ्ळि’. तमिळ ‘विरल्’ म्हणजे बोट, ते कन्नडमध्ये ‘बेरळु’. असा बदल शब्दामागून शब्दात नियमाने आढळतो, तेव्हाच भाषांचे कूळ एक असल्याचे म्हणता येते. उद्या कोणी विठोबातला ‘बा’ हा कन्नड ‘ये’ आहे, म्हणजे ती विठ्ठलाला घातलेली साद आहे, असे मांडले, तर ते ऐकायला गोड वाटेल; पण ‘आजोबा’ या शब्दात तो अर्थ कसा बसवणार?

याचा अर्थ मराठीने कन्नडकडून काही घेतले नाही असा मुळीच नाही. ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ हे शब्द आपण तिकडूनच घेतले. तिथे उच्चाराबरोबर अर्थही जुळतो, शेकडो वर्षांचा शेजार आहे, आणि हेच शब्द इतर द्राविडी भाषांतही सापडतात. हे ऋण मोकळेपणाने मान्य करावे आणि ज्याला असा आधार नाही ते सोडून द्यावे, यात मराठीचा कोणताही कमीपणा नाही.

आपणांस नम्र विनंती अशी की शब्दांच्या उगमाविषयीचा मजकूर छापण्यापूर्वी कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश, आणि दक्षिणेकडच्या भाषांचा संबंध असेल तर बरो व एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश, निदान एकदा उघडून पाहिला जावा. आणि लेखकाने आपला आधार कोणता हे त्याच लेखात एका वाक्यात सांगावे, असा दंडक आपल्या पुरवणीने घालावा.

आपला,
एक वाचक, सोलापूर