उद्देश शेवटी घे

सातारा

प्रिय सुनील,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयाचं विधानपत्र, म्हणजे उद्देश आणि कलमांचा मसुदा, तू एकट्याने लिहून काढलंस आणि रविवारच्या सभेत 'सर्वानुमते मंजूर' करून घ्यायचं म्हणतोस. नको रे असं करूस. नाना अप्पांचा उद्देशाच्या कलमालाच विरोध आहे म्हणतोस ना, मग त्यांना बोलू दे.

13 डिसेंबर 1946 ला नेहरूंनी घटना समितीत उद्दिष्टांचा ठराव मांडला. बॅरिस्टर जयकर म्हणाले, मुस्लिम लीग आलेली नाही, थोडं थांबू. बाबासाहेबांनीही त्यांचीच बाजू घेतली. (आपल्या साताऱ्याच्या शाळेत 1900 साली नाव घातलेला मुलगा!) शेवटी ठराव मंजूर झाला 22 जानेवारीला.

उद्देशिका, म्हणजे घटनेच्या सुरुवातीची प्रस्तावना, तर समितीने मुद्दामच मागे ठेवली होती, कलमं ठरल्यावर तिच्याशी ताडून बघता यावी म्हणून. 17 ऑक्टोबर 1949 ला ती चर्चेला आली. समितीतले ह. वि. कामत म्हणाले, सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' व्हावी. दुसरे सदस्य पंडित कुंझरू विरोधात उठले. इतकी पवित्र गोष्ट मतांवर टाकली जाते याचंच त्यांना वाईट वाटत होतं, शिवाय अशी सक्ती श्रद्धेच्या स्वातंत्र्याशी जुळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सदस्य पूर्णिमा बॅनर्जींनीही मतदान नको म्हणून विनवलं. कामत हटले नाहीत. मोजणी झाली: बाजूने 41, विरोधात 68. हे आकडे आजही समितीच्या कामकाजाच्या नोंदींत वाचायला मिळतात, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. हरलेल्याचं म्हणणं कुणी खोडून टाकलं नाही.

325 साली निकीयाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेत रोमन सम्राटाच्या देखत श्रद्धासूत्र ठरलं, आणि ज्यांनी ते मानलं नाही ते हद्दपार झाले. उलट फिलाडेल्फियात 1787 ला अमेरिकेची घटना लिहिणाऱ्या सभेत मेसन, गेरी आणि रँडॉल्फ हे सदस्य शेवटपर्यंत बसले आणि सही न करता उठले. नागरिकांच्या हक्कांची सनद त्यात नाही, ही मेसनची मोठी तक्रार. 1791 ला ती सनद घटनेत आलीच! सही न करणाऱ्याचं ऐकावं लागलं बघ.

म्हणून मसुद्याच्या प्रती आठवडाभर आधी वाट. कलमं एकेक करून वाच, उद्देश अगदी शेवटी घे. नाना अप्पांचं मत विरोधी पडलं तर त्यांच्या शब्दांतच प्रोसिडिंगला लिही, आणि खाली त्यांची सही घे. सभा पुढच्या रविवारवर ढकल, मी शनिवारी रात्रीच मुक्कामाला येतो. वहिनींना सांग.

तुझा,
विजय