परदेशी पैशाने एवढे होत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विकसनशील देशांतील ख्रिस्ती मूलतत्त्ववादाच्या वाढीवर जे लेख वाचायला मिळतात, त्यांत बहुधा एकच गोष्ट ठरलेली असते: अमेरिकेतून पैसा येतो, गरीब माणूस भोळा असतो, म्हणून चर्च वाढते. हे निम्मेही खरे नाही. आणि या सोप्या उत्तरामुळे खरी काळजी करण्यासारखी गोष्ट झाकली जाते, म्हणून हे पत्र.

१९१० साली जगातले सुमारे दोन तृतीयांश ख्रिस्ती युरोपात होते; २०१० मध्ये ते जेमतेम एक चतुर्थांश उरले. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत त्याच शंभर वर्षांत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले. ब्राझीलमध्ये १९७० साली शंभरात पाच जण इव्हँजेलिकल, म्हणजे बायबल आणि वैयक्तिक श्रद्धेवर भर देणारे प्रोटेस्टंट, होते, २०२२ च्या जनगणनेत सत्तावीस भरले. देणग्या वाटून एवढी माणसे हलत नाहीत.

हे सगळेच मूलतत्त्ववादी आहेत असेही नाही. तो शब्द रूढ झाला अमेरिकेत, १९१० ते १९१५ दरम्यान निघालेल्या ‘द फंडामेंटल्स’ (मूलतत्त्वे) या पुस्तिकांच्या मालिकेवरून. त्या पंथाचे लोक तर पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या, लोकांकडे नाक मुरडूनच पाहत. पण नायजेरियातल्या लागोस किंवा ब्राझीलमधल्या साओ पावलोत हे दोन्ही प्रवाह मिसळले. बायबलमधला शब्द न् शब्द खरा, आणि त्यातले चमत्कार आजही घडतात, ही तिथली श्रद्धा आहे.

या प्रवाहाचा एक उगम मराठी मुलखात आहे, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींमध्ये प्रार्थनेची विलक्षण लाट उठली. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी तिच्यावर पुस्तिका लिहिली आणि चिलीत राहणाऱ्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला धाडली. तिचे पती विलिस हूवर हे वालपराइसोच्या मेथडिस्ट चर्चचे पाळक. १९०९ मध्ये त्यांच्या मंडळीतही तीच लाट आली. वरिष्ठांना ती रुचली नाही. पुढच्या वर्षी हूवर आपल्या लोकांसह बाहेर पडले, मिशनच्या पैशावर पाणी सोडून. चिलीतली पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली ती तिथल्याच कष्टकऱ्यांच्या दशांशावर, म्हणजे चर्चला दिलेल्या कमाईच्या दहाव्या हिश्शावर. ज्या वाढीचा मूळ पैसा गरिबाच्या खिशातून आला, तिला परदेशी कारस्थान कसे म्हणायचे?

ब्राझीलमधल्या शहरांच्या कडेच्या वस्त्यांत हे चर्च म्हणजे पुष्कळदा एखादे गॅरेज असते. शटर वर केलेले, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, वस्तीभर ऐकू जाईल एवढा कर्णा. पाळक त्याच गल्लीतला. दिवसा हमाली किंवा ड्रायव्हरकी करणारा. दिवसभर दुसऱ्याच्या घरची फरशी पुसणारी बाई संध्याकाळी इथे येते. तिला ‘भगिनी’ म्हणून हाक मारतात, हातात माइक देतात आणि देवाने आपले आयुष्य कसे बदलले याची साक्ष ती सांगते. नवरा दारू सोडतो, मजुरी घरात येते, मुले शाळेत टिकतात. लॅटिन अमेरिकेत अभ्यासकांनी हे वारंवार नोंदवले आहे. कॅथलिक चर्चला वर्षानुवर्षे शिकलेला, अविवाहित धर्मगुरू लागतो, आणि तो या वस्तीला पुरत नाही. १९८० च्या दशकात कर्जबाजारी सरकारांनी दवाखाने आणि शाळांवरचा खर्च आखडता घेतला. तेव्हा आजारी पोराच्या उशाशी रात्र काढायला कोण आले, हे माणसे विसरत नाहीत.

नायजेरियात याचेच मोठे रूप दिसते. गणिताचे प्राध्यापक असलेले इनॉक अडेबोये १९८१ मध्ये एका पेंटेकोस्टल चर्चचे प्रमुख झाले. आज लागोस-इबादान महामार्गावर त्या चर्चचे अख्खे शहर आहे, आणि त्याची स्वतःची वीज आहे. बाहेर वीज जाते, आत दिवे चालू राहतात. एवढ्या एका गोष्टीवरून चर्चच्या वाढीचे कारण कळावे.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजूही मला तितकीच टोचते. ज्या पाळकाला कुणी जाब विचारू शकत नाही, त्याच्या हातात माणसाचा जीव असतो. २०१४ मध्ये लागोसमधल्या एका चर्चचे अतिथिगृह कोसळून ११६ जण गेले. दुरून बरे व्हायला आलेले भाविक होते ते. २०२३ मध्ये केनियाच्या शाकाहोला जंगलातून चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढावे लागले. येशूला भेटण्यासाठी उपाशी राहा, असे पाळकाने त्यांना सांगितल्याचा आरोप आहे. मृतांत लहान मुलेही होती. एचआयव्हीच्या गोळ्या बंद करायला लावणारे पाळक तर अनेक देशांत सापडले आहेत. हा श्रद्धेचा प्रश्न नाही, गुन्हा आहे, आणि तो तसाच हाताळायला हवा.

राजकारणात परदेशी हात नाकारण्यात अर्थ नाही. ग्वाटेमालात १९८२-८३ मध्ये रिओस माँट हे पेंटेकोस्टल लष्करशहा रविवारी टीव्हीवरून प्रवचन देत. त्याच काळात सैन्य माया लोकांची गावे जाळत होते, आणि काही अमेरिकी टीव्ही-प्रवचनकार रिओस माँट यांची तळी उचलत होते. युगांडात २००९ च्या मार्चमध्ये अमेरिकी वक्त्यांची परिषद झाली. त्याच वर्षी समलिंगी व्यक्तींविरुद्धचे भयंकर विधेयक संसदेत आले. तरीही त्याला मते देणारे खासदार युगांडाचेच होते.

रवांडाने २०१८ पासून हजारो चर्चना कुलूप लावले आणि पाळकांना धर्मशास्त्राची पदवी सक्तीची केली. इमारत तपासणे योग्यच. पदवीची अट मात्र मला चुकीची वाटते. गॅरेजमधला हमाल-पाळक तिने बाद होतो, आणि स्वतःचे विमान बाळगणारा श्रीमंत पाळक पदवी विकतही घेऊ शकतो. त्यापेक्षा दशांशाचा हिशेब दरवर्षी मंडळीपुढे ठेवण्याची सक्ती करावी आणि औषध थांबवायला सांगणाऱ्यावर खटला भरावा. त्या फरशी पुसणाऱ्या बाईने दिलेला पैसा कुठे गेला, हे तिला कळलेच पाहिजे.

आपला,
एक नियमित वाचक