चि. मधुरास

अनेक आशीर्वाद.

परवा फोन मध्येच ठेवलास. काका म्हणाला, चार दिवस जाऊ देत, मग बोल. मला राहवेना. तुझ्या त्या चित्रकाराच्या अभ्यासासाठी हैतीच्या राजधानीला, पोर्ट-ओ-प्रिन्सला जाऊ नकोस हे पुन्हा लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलेय.

तू पाठवलेलं सगळं वाचलं. तुझा हा हैतीचा चित्रकार एक्तोर इपोलित चपला शिवायचा, घरं रंगवायचा, आणि आजापासून घरात वूडूचं, म्हणजे तिथल्या लोकधर्माचं पुजारीपण. कोंबडीच्या पिसांनी, फर्निचरच्या उरलेल्या रंगांनी चित्रं काढायचा. मोंत्रुई गावातल्या एका बारच्या दारांवर त्याने काढलेली पाखरं-फुलं पाहून पीटर्स या अमेरिकन चित्रकाराने त्याला हुडकलं. १९४५ मध्ये फ्रेंच कवी आंद्रे ब्रतों येऊन चित्रं घेऊन गेला आणि १९४८ मध्ये हा गेलासुद्धा. जेमतेम तीन वर्षं मिळाली गं त्याला.

मला सगळ्यात लागलं ते १९४१-४२ चं. चर्चने मोहीम काढून वूडूचे ढोल, पूजेच्या वस्तू जाळल्या, आणि पाठोपाठ हा एर्झुली, ओगू ही वूडूची दैवतं उघड रंगवायला बसला. केवढी छाती! पण त्याचं ते घर होतं. तुझं तिथे कोण आहे? राजधानीचा बहुतेक भाग टोळ्यांच्या हातात आहे म्हणतात. बघ, लिहिलंच.

अंगात देव येतो हे तुला पुस्तकातून कळलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. आपल्या जत्रेत कुणाला अवसार आला, अंगात देव आला की बाकीची पोरं आईमागे लपायची. तू मात्र पुढे जाऊन तरंगाला, म्हणजे देवाच्या काठीला नेसवलेल्या लुगड्याच्या निऱ्या मोजत होतीस, आणि घरी येऊन वहीत काढल्यास. ती वही आजी सगळ्यांना दाखवायची. म्हणून हा विषय तुझ्याच हातचा, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. सुमनशी भांडलेसुद्धा.

पण अभ्यास जीव धोक्यात घालून करायचा नसतो. माणसाने आधी... जाऊ दे, पुन्हा उपदेश सुरू झाला. रागावू नकोस.

मिलवॉकीच्या म्युझियममध्ये त्याची चित्रं आहेत ना? तुझ्या शिकागोहून दोन तासही नाहीत. आधी तिथे जा, मग भांड माझ्याशी. बाबांच्या गोळ्यांचं मी बघते, तू त्या काळजीत पडू नकोस. तिकीट काढलं नसशील तर काढू नकोस. काढलं असशील तर लपवू नकोस, मला तारीख कळव.

तुझी,
आई