पाद्यपूजन कुणाचं?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कुमारवयीन मुलांच्या वारी-सहलीचं पानभर कौतुक वाचलं. सोबत फोटो. पिवळे टी-शर्ट घातलेली पंधरा-सोळा पोरं गुडघ्यावर बसलेली, समोर खुर्चीत त्यांचे मार्गदर्शक, त्यांच्या पायाखाली स्टीलची परात. फोटोत डावीकडून तिसरा आहे तो माझा नातू. तेव्हा या विषयावर चार ओळी लिहिण्याचा हक्क मला आपल्या वार्ताहराइतका तरी असावा.

पत्र कालच लिहायला घेतलं होतं. घरच्यांनी 'झोपा आता, सकाळी लिहा' म्हणून कागद काढून घेतला. सकाळ झाली, चहा झाला, राग आहे तेवढाच आहे.

मजकुरातलं 'मुलं वारी नुसती चालली नाहीत, तर जगली' हे वाक्य आयोजकांच्या माहितीपत्रकात जसंच्या तसं आहे. माहितीपत्रक माझ्या उशाशी आहे, हवं तर पाठवतो. चार रात्री, पाच दिवस, साडेचौदा हजार रुपये. पुणे ते सासवड पायी, तिथून पुढे वातानुकूलित बस. जेजुरी, फलटण, शिंगणापूर, पंढरपूर. 'वय 13 ते 17, फक्त मुलगे.' मी एसटीत 31 वर्षं कंडक्टर होतो, आषाढीच्या जादा गाड्यांवर उभं राहून पायाला गोळे आणलेत, त्यामुळे माणशी खर्च किती येतो ते मला तोंडपाठ आहे. पण राहू द्या. पैसे मुलाने भरले, माझे नव्हेत.

मला सांगायचंय ते दिवे घाटातलं.

नातू परत आला तेव्हा विचारलं, काय रे, कोण कोण भेटलं? म्हणाला, 'आमची बॅच.' दिंडी कुठली? 'आमचीच.' अभंग कोण म्हणत होतं? 'स्पीकर होता, आजोबा.' मी गप्प बसलो. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपणच बोलायला लागला. वडकी नाल्याचा विसावा झाला, घाट लागला. शेजारून एक म्हातारी चालली होती. डोक्यावर गाठोडं, पायात दोन वेगवेगळ्या चपला. चढाला ती थांबली तशी यानं गाठोडं मागितलं. तिनं काही विचारलं नाही. दिलं, आणि एवढंच म्हणाली, 'माउली, नीट धर, आत पीठ आहे.' हा ते डोक्यावर घेऊन दोन वळणं चढला. दोन वळणांत तिनं याला तिचं गाव सांगितलं, सोयाबीनचं काय झालं ते सांगितलं, धाकट्या सुनेचं गाऱ्हाणं केलं. मग मागून शिट्टी. सहलीचे एक दादा धावत आले. बॅच सोडायची नाही, अनोळखी माणसाच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे निघतानाच सांगितलं होतं ना? गाठोडं तिथंच, भर रस्त्यात, म्हातारीच्या डोक्यावर परत. तिनं कनवटीची खडीसाखर काढून याच्या हातावर ठेवली आणि चालू लागली. दादांनी तीही खाऊ दिली नाही, 'हायजीन'.

त्या रात्री हॉटेलच्या हॉलमध्ये सत्र झालं. विषय होता सेवाभाव. माझ्या नातवाचे गटशिस्तीचे पाच गुण कापले गेले.

मी हे रचून सांगत नाही. गुणपत्रक पाठवलंय त्यांनी, प्लास्टिकच्या कव्हरात घालून. श्रद्धा 8, नेतृत्व 7, शिस्त 3. श्रद्धेला आठ कसे काय मिळाले तेवढं मात्र मला कळलेलं नाही. माउली पुण्याहून निघतात तो दिवस एकादशीचा. त्या दिवशी या पोरांना दुपारी बर्गर होता. शाकाहारी होता, हे आपल्या लेखात आवर्जून आलंच आहे.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हाताऱ्याला सगळं नवं खुपतं असं म्हणाल. लाखोंच्या गर्दीत परक्यांची पोरं सांभाळणं जोखमीचं काम आहे. एक पोरगं हरवलं तर आईबाप उभे चिरतील. शिट्टी, रांग, हजेरी, हे मला मान्य आहे. पोरांचे फोन पाच दिवस काढून घेतले, तेही उत्तम केलं. (फक्त पोरांना 'डिजिटल उपवास' आणि दादांचं दर तासाला 'लाइव्ह', हे काही मला जुळवता आलं नाही.) पण मग त्याला सहल म्हणा. वारी म्हणू नका. आणि ते 'लाइफ मेंटॉर' नावाचं जे काही आहे, ते तर अजिबात नको.

मी 1973 च्या आषाढीला पहिल्यांदा चाललो. चौदा वर्षांचा होतो. बहात्तरच्या दुष्काळातून गाव अजून नीट उठलं नव्हतं. शाळेत नापास झालो होतो, दिवसभर विहिरीच्या कठड्यावर बसून असायचो. वडिलांनी कंटाळून मला बापूंच्या हवाली केलं. बापू म्हणजे आमच्या दिंडीचे विणेकरी, एरवी गावातले शिंपी. वडील म्हणाले, पोरगं वाया चाललंय. बापूंनी विचारलं, चालता येतं का? झाली प्रवेशपरीक्षा. आईनं दुष्काळी कामावरची सुकडी वाचवून ठेवली होती, ती एका पिशवीत भरून दिली. घोंगडी, ताट, तांब्या. टी-शर्ट नव्हता.

बापूंनी मला वाटेत उपदेश म्हणून काही केला नाही. पहाटे तीनला उठवायचे तेही हाक न मारता, कानाशी टाळ वाजवून. तंबूच्या खुंट्या कशा ठोकायच्या, चिखलात धोतर कुठवर वर घ्यायचं, पखवाजाजवळ पाय करून झोपायचं नाही, आणि भाकरी वाढणाऱ्या बाईला 'पुरे' म्हणायच्या आधी तिच्या टोपलीत किती उरल्यात ते बघायचं. एवढाच अभ्यासक्रम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला ओळीत टाळ मिळाला. ठेका चुकला की शेजारचा माझ्याकडे बघायचासुद्धा नाही, फक्त आपला टाळ जरा जोरात वाजवायचा, म्हणजे मला कळावं.

तरडगावच्या तळावर हरिपाठ चालू असताना कुणीतरी बापूंना बोलवायला आलं, दिंडीतल्या एकाला ताप भरला होता. वीणा खाली ठेवायची नसते. त्यांनी आजूबाजूला बघितलं, जवळ मीच होतो. वीणा काढली, माझ्या गळ्यात घातली, आणि साठी उलटलेला तो माणूस खाली वाकून माझ्या पायावर डोकं ठेवून मोकळा झाला. मी घाबरून मागे सरलो. म्हणाले, 'मागं सरू नको, वीणा आहे गळ्यात.' आणि गेले. तोवर माझ्या गळ्यात दप्तराशिवाय कुणी काही अडकवलं नव्हतं. अर्धा तास मी ती धरून उभा होतो. हात अवघडला, नाक खाजत होतं, खाजवलं नाही.

यानंतर मी सुधारलो आणि पहिल्या वर्गात पास झालो, असं लिहिलं तर ते आपल्या पुरवणीत शोभून दिसेल. पण तसं काही झालं नाही. पुढच्या वर्षीही गणितात गचकलो.

म्हणून तो परातीचा फोटो बघून माझं टाळकं फिरलं. वारीत वाकायचंच तर सगळेच एकमेकांपुढे वाकतात. वय बघत नाहीत, जात विचारत नाहीत, समोरचा कोण हे ठाऊकही नसतं. ही एवढी एक गोष्ट चौदा वर्षांच्या पोरानं तिथून घरी आणायची, तर यांनी एका माणसाला खुर्चीवर बसवलं आणि पोरांकडून पाय धुऊन घेतले. फोटोच्या ओळीत आपण छापता, 'गुरुपरंपरेचा भावस्पर्शी क्षण'. नातवाला विचारलं, कसं वाटलं रे? म्हणाला, 'सर चार वेळा म्हणाले, कॅमेऱ्याकडे बघू नका.'

त्याच लेखात वारीला 'आठशे वर्षांचा मॅनेजमेंटचा चमत्कार' म्हटलंय. संतांच्या आधीपासून लोक चालत आलेत, ते खरं. पण रथ, घोडे, क्रमानं लागलेल्या दिंड्या, ही माउलींच्या सोहळ्याची आजची शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. त्यांचं नाव पानभर लेखात एकदाही नाही, आयोजकांच्या भागीदारांची मात्र तिघांचीही आहेत.

आणि शिस्तच शिकवायची होती तर पोरांना सासवडच्या तळावर न्यायचं होतं. मुक्कामी समाजआरती असते. चोपदार चोप, म्हणजे हातातली मानाची काठी, उंच धरतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. लाउडस्पीकर नाही, शिट्टी नाही. ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जाऊन विचारतात, काय झालं. हरवलं-सापडलं पुकारतात. 1973 साली माझा तांब्या असाच पुकारला गेला होता. तळावर ही आरती चालू होती तेव्हा माझा नातू हॉटेलात 'संत आणि स्टार्टअप' ऐकत बसला होता. त्याला मी समाजआरतीचं सांगितलं तर म्हणाला, 'म्हणजे तक्रार करायची असेल तर वाजवत राहायचं?' होय बाबा. हे पत्र त्यातलंच आहे.

पंढरपुरात काय झालं ते थोडक्यात. मुखदर्शन, प्रसाद, नामदेव पायरीपाशी ग्रुप फोटो. पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे. ती कुणाची, तिथे का, हे एकाही पोराला सांगितलेलं नाही. नातवाला मी विचारलं, साने गुरुजी ठाऊक आहेत का? धड्यातले आहेत म्हणाला. त्यांनी 1947 च्या मे महिन्यात याच गावात उपोषण मांडलं होतं, विठोबाच्या देवळाचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून, हे त्याला ठाऊक नव्हतं. मार्गदर्शकांनी बसमध्ये काय सांगितलं? की इथे कधीच भेदभाव नव्हता. 'सांस्कृतिक प्रवास' म्हणवता आणि संस्कृतीतला अवघड भाग तेवढा वगळून पोरांना मऊ भाग भरवता, याला साडेचौदा हजार?

जाता जाता आणखी एक. माझी नात तेरा वर्षांची आहे. माहितीपत्रकातलं 'फक्त मुलगे' वाचून तिनं विचारलं, मी का नाही? तिच्या बापानं तिला सांगितलं, सोय नसते. अहो, दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन कोण चालतं? रात्री दोनशे माणसांच्या पोळ्या कोण लाटतं? बायांची सोय नाही हे ऐकलं तर ती घाटातली म्हातारी हसून हसून गाठोडं टाकेल. आयोजकांना मी फोन करून विचारलं. मुलीनं उत्तर दिलं, म्हणजे त्यांच्या ऑफिसातल्या मुलीनं, की 'काका, मुलांना या वयात पुरुष रोल मॉडेल लागतो'. बरं. ती म्हातारी मग माझ्या नातवाची कोण होती?

पुढच्या वर्षी दोघांना मी घेऊन जाणार आहे. गुडघे ठीक नाहीत, सबंध वाट होणार नाही, लोणंद ते फलटण एवढं ठरवलंय. आमची दिंडी अजून चालते, बापूंचा नातू विणेकरी आहे. त्याला फोन केला तर त्यानंही तेवढंच विचारलं, चालता येतं का? मी म्हटलं, पोरांना येतं.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, हडपसर

ता. क. : त्याच पुरवणीत पान दोनवर 'तुकोबांच्या पालखीचे पुण्यात स्वागत' या ओळीखाली जो रथ छापलाय, तो माउलींचा आहे. गेल्या वर्षीही हीच चूक होती. तेव्हाही पत्र लिहिलं होतं, ते आपण छापलं, पण निम्मं कापून. या वेळी कापायचंच असेल तर गणिताचं कापा, तांब्याचं राहू द्या.