जुन्या कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क जोडण्याआधी

मा. संपादक,

सांगलीत आमचा छोटा छापखाना आहे. सासरे खिळे जुळवायचे, मी १९९७ पासून डीटीपी करते. आमच्यासारख्या बऱ्याच प्रेसमध्ये एका कोपऱ्यात अजून विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर चालू असतो, आणि तो कुणी हौसेनं ठेवलेला नसतो. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात लावलेली पानं नव्या मशीनवर नीट उघडत नाहीत, आणि जुना डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी किल्ली) प्रिंटर पोर्टालाच बसतो. म्हणून ती मशीन जपावी लागते. जागा कमी पडली की बाजारातून मोठी डिस्क आणून जोडली जाते. त्याबद्दलच हे पत्र आहे.

२००९ साली आमच्याकडे स्कॅनरसाठी विंडोज ९८ चं मशीन होतं. एका शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी घरचे जुने फोटो आणून दिले होते. ते मोठ्या रिझोल्यूशननं स्कॅन करून मूळ फोटो परत केले. जागा पुरावी म्हणून १६० जीबीची डिस्क घेतली. दुरुस्तीवाल्यानं ती बाहेरून पार्टिशन करून, म्हणजे वापरासाठी भाग आखून, आणून बसवली. प्रॉपर्टीजमध्ये १४९ जीबी दिसत होतं (विंडोज वेगळ्या हिशेबानं मोजतं), काम सुरळीत चाललं होतं. वर्षभरानं एका सकाळी डी ड्राइव्ह उघडला तर फोल्डरांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं. 'बोर्डिंग १९६२' नावाचा फोल्डर होता, त्यात मुलांचे रांगेत बसून जेवतानाचे फोटो होते. तो कुठंच सापडला नाही.

कारण पुढं कळलं. डिस्कवरच्या प्रत्येक कप्प्याला नंबर असतो. विंडोज ९८ ला २८ बिटांचेच नंबर कळतात, म्हणजे ५१२ बाइटचे सुमारे २६ कोटी ८४ लाख कप्पे, १३७ जीबी. त्यापुढचा कप्पा मागितला की ते थांबत नाही, चूकही दाखवत नाही, पुन्हा पहिल्या कप्प्यापासून लिहायला लागतं. शंभर पानी वहीत एकशेएकावं पान पहिल्या पानावरच लिहावं, तसं. आणि डिस्कच्या सुरुवातीलाच तर कुठली फाइल कुठं आहे याची यादी असते. तीच पुसली गेली.

एक्सपीच्या पहिल्या आवृत्तीतही १३७ जीबीचीच अडचण होती, २००२ च्या सर्व्हिस पॅक १ नं (मायक्रोसॉफ्टनं दिलेला दुरुस्त्यांचा संच) ती सुटली. पण आजही जुन्या, सर्व्हिस पॅक नसलेल्या सीडीवरून विंडोज परत टाकून दिलं जातं, आणि मोठ्या पार्टिशनवरचा डेटा धोक्यात येतो. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, सर्व्हिस पॅक ३ लिहिलेलं नसेल तर मोठी डिस्क जोडू नका.

दुसरी हद्द २ टीबीची. त्यापेक्षा मोठ्या डिस्कवर जीपीटी या नव्या पद्धतीचं पार्टिशन असतं आणि नेहमीच्या ३२ बिट एक्सपीला ते वाचताच येत नाही. गेल्या महिन्यात पुतण्यानं नव्या मशीनवरून दोन वर्षांची कामं ४ टीबीच्या डिस्कवर उतरवली आणि ती एक्सपीला लावली. पडद्यावर 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' एवढंच. "काकू, रिकामीच दिसतेय, क्लीन करून फॉरमॅट मारतो," म्हणाला. मी त्याचा हात धरला. डिस्क रिकामी नव्हती, मशीनला दिसत नव्हती.

आता एक्सपीला मी १२० जीबीचीच डिस्क ठेवली आहे. साठवण सगळी नव्या मशीनवर आणि तिची एक प्रत घरी. ने-आण पेनड्राइव्हनं. तो एफएटी ३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या आत हवी. एक्सपीला इंटरनेट दिलेलं नाही, कारण ८ एप्रिल २०१४ ला त्याचे सुरक्षा अपडेट थांबले. जुन्या मशीनला नवी डिस्क जोडलीच, तर कामाचं काही टाकण्याआधी ती बिनमहत्त्वाच्या फायलींनी काठोकाठ भरून बघते आणि मशीन बंद-चालू करून सगळ्यात आधी टाकलेली फाइल उघडते. अख्खा दिवस जातो, पण जाऊ दे. दुकानदारांनीही डिस्क विकताना 'विंडोज कुठलं?' एवढं विचारावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

२०१९ च्या पुरानंतर दोन घरची माणसं आमच्याकडे आली होती. त्यांचे मूळ फोटो पाण्यात गेले होते. "ताई, तुमच्याकडं स्कॅन असतील ना?" मला नाही म्हणावं लागलं. स्मरणिकेत निवडक फोटोच छापले होते, आणि तिची प्रतही आमच्याकडं उरलेली नाही. कुणाच्या घरी ती असेल तर प्रेसवर घेऊन यावी. पानं स्कॅन करून प्रत लगेच परत देईन आणि त्या दोन्ही घरी फोटो पोचवीन.

– छापखाना चालवणारी एक वाचक, सांगली